शंका-समाधान : सॉफ्टवेअर एक, लिनक्स अनेक

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच गाठीभोवती फिरतात : एका लिनक्सवर उत्तम चालणारं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर का अडतं? कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीप्रमाणे रोमन लिपीत टंकावीत.

प्रश्न : लोअर परळला आमची छोटी कंपनी आहे. मालाच्या साठ्याची नोंद ठेवणारं आमचं सॉफ्टवेअर सी++ मध्ये लिहिलेलं आहे. ते मस्जिद बंदरच्या दुकानांत आणि भिवंडीच्या गोदामांत चालतं. लिनक्स मात्र वेगवेगळं : कुणाकडे उबुंटू २०.०४ आहे, कुणाकडे डेबियन १२, काहींकडे फेडोरा, एकाकडे ओपनसुसे. आम्ही उबुंटू २४.०४ वर डेब पॅकेज बनवलं. जुन्या मशीनवर ते बसतं, पण चालवायला गेलं की 'जीलिबसी २.३८ सापडत नाही' असा संदेश येतो. सगळीकडे चालेल असं एकच पॅकेज करता येईल का?

उत्तर : पॅकेजचा प्रकार बदलून हे सुटणार नाही. अडचण पॅकेजच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये आहे, त्यामुळे आधी तो दुरुस्त करावा आणि पॅकेजकडे नंतर वळावं.

जीलिबसी ही लिनक्सची मूळ सी लायब्ररी, म्हणजे बहुतेक प्रोग्रॅम वापरतात त्या तयार फंक्शनांचा संच. जुन्या जीलिबसीवर बांधलेला (कंपाइल केलेला) प्रोग्रॅम नव्यावर चालतो, उलट मात्र चालत नाही. उबुंटू २०.०४ मध्ये तिची आवृत्ती २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५, डेबियन १२ मध्ये २.३६ आणि तुमच्या उबुंटू २४.०४ मध्ये २.३९. तुम्ही मुद्दाम कोणतंही नवं फंक्शन वापरलेलं नसणार, तरीही हे घडतं. २.३८ पासून हेडर फाइलींत आकडे वाचणाऱ्या 'स्ट्रटॉल'सारख्या जुन्याच फंक्शनला नव्या नावाकडे वळवलेलं आहे आणि जी++ ने कंपाइल करताना ते वळण आपोआप लागू होतं. याआधी २.३४ मध्येही असंच झालं होतं. तेव्हा प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या फंक्शनचीच नवी आवृत्ती आली. म्हणून २.३४ किंवा त्यापुढच्या जीलिबसीवर बांधलेला चार ओळींचा प्रोग्रॅमही उबुंटू २०.०४ वर उभा राहत नाही.

नव्या मशीनवरची जीलिबसी गिऱ्हाइकाच्या जुन्या मशीनवर कॉपी करू नका. लोडर (प्रोग्रॅमला त्याच्या लायब्ररी जोडून सुरू करणारा भाग) आणि लायब्ररी एकाच आवृत्तीचे असावे लागतात. जोडी फुटली की 'एलएस' आणि 'सुडो'सारख्या रोजच्या कमांडसुद्धा बंद पडतात, आणि मग ते मशीन पेनड्राइव्हवरून बूट करूनच दुरुस्त करावं लागतं.

उपाय हा, की बांधणी सगळ्यांत जुन्या पायावर करायची. तुमच्यासाठी अल्मालिनक्स ८ चा कंटेनर (तुमच्याच मशीनवर वेगळं चालणारं दुसरं लिनक्स) सर्वांत सोयीचा. त्यात जीलिबसी २.२८ आहे आणि त्याला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. जुना कंपायलर नको असेल तर त्यातच 'जीसीसी-टूलसेट' हे पॅकेज मिळतं. त्याने कंपायलर नवा मिळतो, आणि सी++ लायब्ररीचा जो भाग जुन्या मशीनवर नसतो तेवढा प्रोग्रॅममध्येच जोडला जातो. डेबियन ११ चा कंटेनर घेतलात तर पाया २.३१ चा होईल. तिथे सी++ ची लायब्ररी स्टॅटिक जोडण्याचा पर्याय लिंकरला स्वतः द्यावा लागेल.

बांधणी झाल्यावर 'ऑब्जडंप'ला मोठ्या टी चा पर्याय देऊन प्रोग्रॅमची यादी काढा, 'ग्रेप'ने त्यातल्या जीलिबसीच्या ओळी वेगळ्या करा आणि आवृत्तीनुसार क्रम लावा. सर्वांत मोठा आकडा २.२८ पेक्षा मोठा दिसला तर कंटेनरबाहेरची एखादी लायब्ररी आत शिरली आहे. सोबत देणार असाल त्या प्रत्येक एसओ फाइलवरही, म्हणजे लायब्ररीच्या फाइलवरही, ही तपासणी करा. बहुतेक जण मुख्य प्रोग्रॅम तपासून थांबतात आणि तिथेच फसतात.

जीलिबसी सोडून बाकीच्या लायब्ररी, उदाहरणार्थ एन्क्रिप्शनची ओपनएसएसएल, '/ऑप्ट/तुमची-कंपनी/लिब' मध्ये ठेवा आणि प्रोग्रॅमच्या आरपाथमध्ये (लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणाऱ्या नोंदीत) 'डॉलर-ओरिजिन'पासूनचा सापेक्ष पत्ता लिहा. मेकफाइलमध्ये डॉलरचं चिन्ह दोनदा लिहावं लागतं आणि शेलमध्ये एकेरी अवतरणात, नाहीतर ते चिन्ह मधेच गिळलं जातं आणि पत्ता अर्धवट राहतो. 'रीडएल्फ'ला छोट्या डी चा पर्याय देऊन पत्ता पूर्ण उतरला आहे ना ते पाहा. जीलिबसी, लोडर आणि ग्राफिक्सची ओपनजीएल कधीही सोबत देऊ नका; ओपनजीएल त्या मशीनच्या ग्राफिक्स ड्रायव्हरशी बांधलेलं असतं. आणि ओपनएसएसएल सोबत दिलंत की त्यातल्या प्रत्येक सुरक्षा-दुरुस्तीनंतर नवं पॅकेज काढणं ही तुमची जबाबदारी झाली. ते जमणार नसेल तर मशीनवरचंच ओपनएसएसएल वापरलेलं बरं.

आता पॅकेज. डेब (डेबियन-उबुंटूसाठी) आणि आरपीएम (फेडोरा-ओपनसुसेसाठी) हे दोन प्रकार काढावेच लागतील, पण दोन्हींच्या आत फाइली त्याच राहतील. 'एनएफपीएम' हे साधन एका वायएएमएल फाइलीवरून दोन्ही बनवतं. मात्र ते डिपेंडन्सी, म्हणजे आधी बसलेली हवीत अशी इतर पॅकेजं, स्वतः शोधत नाही, त्या तुम्हीच लिहायच्या. खरा घोळ इथे आहे. ओपनएसएसएल ३ च्या लायब्ररीचं पॅकेज डेबियन १२ मध्ये 'लिबएसएसएल३' आहे, उबुंटू २४.०४ मध्ये 'लिबएसएसएल३टी६४', फेडोरात 'ओपनएसएसएल-लिब्स' आणि ओपनसुसेमध्ये 'लिबओपनएसएसएल३'. लायब्ररी तीच, नावं चार. आरपीएममध्ये पॅकेजचं नाव न लिहिता लायब्ररीचं नाव लिहा : 'लिबएसएसएल डॉट एसओ डॉट ३', त्यापुढे रिकामा कंस आणि मग कंसात ६४बिट. फेडोरा आणि ओपनसुसे दोघांनाही ते समजतं. डेबमध्ये दोन्ही नावं उभ्या रेघेने जोडून द्या, म्हणजे जे उपलब्ध असेल ते चालेल.

प्रश्न : आमची सेवा सिस्टमडीवर (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेवर) चालते. पॅकेज काढताना चालणारा एकच काढणी-स्क्रिप्ट आम्ही डेब आणि आरपीएम दोन्हींत घातला आहे. डेबवर अपग्रेड नीट होतो. आरपीएमवर मात्र अपग्रेडनंतर सेवा बंद पडलेली असते आणि तिचा वापरकर्ताही नाहीसा होतो. — विक्रोळी

उत्तर : दोन्हींचा क्रम वेगळा आहे. डेबमध्ये जुन्या पॅकेजची आवराआवर आधी होते आणि नव्याचा 'पोस्टइन्स्ट' (बसवल्यानंतरचा स्क्रिप्ट) शेवटी चालतो. आरपीएममध्ये नवं पॅकेज आधी पूर्ण बसतं, त्याचा 'पोस्ट' चालतो आणि त्यानंतर जुन्याचे 'प्रीअन' आणि 'पोस्टअन' (काढण्याआधीचा आणि नंतरचा स्क्रिप्ट) चालतात. म्हणजे नव्याने सुरू केलेली सेवा जुना स्क्रिप्ट जाताजाता बंद करतो.

स्क्रिप्टला मिळणारा पहिला आर्ग्युमेंट पाहूनच पुढचं काम करायला हवं. आरपीएमच्या काढणी-स्क्रिप्टला ० मिळालं तर पॅकेज खरोखर काढलं जात आहे, १ मिळालं तर अपग्रेड चालू आहे. डेबला आकड्याऐवजी 'रिमूव्ह', 'अपग्रेड', 'पर्ज' असे शब्द मिळतात. सेवा बंद करण्याचं काम फक्त ० किंवा 'रिमूव्ह' असतानाच करा.

पुढची अडचण अनेकांच्या लक्षात येत नाही. बिघडलेला स्क्रिप्ट गिऱ्हाइकांच्या मशीनवर आधीच बसलेला आहे, आणि पुढच्या अपग्रेडला तोच चालणार. नव्या पॅकेजमधला स्क्रिप्ट सुधारल्याने ही खेप वाचत नाही. त्यासाठी नव्या आरपीएममध्ये 'पोस्टट्रान्स' स्क्रिप्ट घाला. तो सगळा व्यवहार संपल्यावर, जुन्याचे स्क्रिप्टही झाल्यावर चालतो. त्यात वापरकर्ता नसेल तर तयार करा आणि सेवा पुन्हा सुरू करा.

वापरकर्ता मात्र कधीच काढू नये, पॅकेज काढतानासुद्धा नाही. त्याचा यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) मोकळा झाला की तो पुढे दुसऱ्याच सेवेला मिळू शकतो आणि मागे राहिलेल्या फाइलींची मालकी तिच्याकडे जाते. आणखी एक फरक लक्षात ठेवा : डेबियन-उबुंटूत सेवा बसवल्याबरोबर सुरू होण्याची प्रथा आहे, फेडोरात नाही. तुमच्या माहितीपत्रकात फेडोरासाठी 'सिस्टमसीटीएल इनेबल', 'नाऊ' या पर्यायासह, ही वेगळी पायरी लिहा. ती नसली तर 'बसवलं पण चालत नाही' असे फोन येत राहतील.

प्रश्न : इतकी वर्षं झाली, लिनक्सवाल्यांनी बसून एकच पॅकेज का ठरवलं नाही? — अंधेरी

उत्तर : ठरवलं होतं. लिनक्स स्टँडर्ड बेस, म्हणजे एलएसबी, याची पहिली आवृत्ती २००१ मध्ये आली. कोणत्या लायब्ररी असाव्यात, त्यांत कोणती फंक्शनं असावीत आणि पॅकेज आरपीएमच्या साच्यात असावं, असं सगळं त्यात लिहिलेलं होतं. २००६ मध्ये त्याला आयएसओचा दर्जा मिळाला. शेवटची मोठी आवृत्ती ५.० ही २०१५ ची, आणि त्याच वर्षी डेबियनने एलएसबीचा बहुतेक भाग सोडून दिला.

आमच्या मते चूक कशाला प्रमाण मानायचं याच्या निवडीत होती. एलएसबीने लायब्ररींचा मोठा संच गोठवायला पाहिला, आणि नेमक्या त्याच गोष्टी सर्वांत वेगाने बदलत होत्या. डिस्ट्रोने, म्हणजे उबुंटू-फेडोरासारख्या प्रत्येक लिनक्सने, प्रमाणपत्रासाठी जुन्या लायब्ररी सांभाळायच्या, पण त्यांच्या भरवशावर सॉफ्टवेअर विकणारे फारच थोडे निघाले. पॅकेजचा साचा एक झाला असता तरी आतली नावं, फाइलींच्या जागा आणि सेवा सुरू करण्याच्या प्रथा वेगळ्याच राहिल्या असत्या. आजही फेडोराचं आरपीएम ओपनसुसेवर बसेलच असं नाही, आणि डेबियनचं डेब उबुंटूवरही अडतं.

जी प्रमाणं लहान आणि नेमकी होती ती मात्र टिकली, आणि त्यांच्यावर निर्धास्त विसंबता येतं. फाइली कुठे ठेवायच्या हे सांगणारं एफएचएस (त्याची ३.० आवृत्ती २०१५ ची), मेनूत दिसण्यासाठीची 'डेस्कटॉप' फाइल, आयकॉनसाठी 'हायकलर' फोल्डर, सेवेसाठी सिस्टमडीची युनिट फाइल आणि डिस्ट्रो ओळखण्यासाठी '/ईटीसी/ओएस-रिलीज'. इन्स्टॉलर लिहिताना या शेवटच्या फाइलीतल्या 'आयडी'बरोबर 'आयडी-लाइक' ही ओळही वाचा. मिंट किंवा बॉस या डिस्ट्रोंची नावं तुमच्या यादीत नसली तरी ती कोणत्या घराण्यातली आहेत ते त्यावरून ठरवता येतं.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडला माझं दुकान आहे. एका जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर फक्त आरपीएममध्ये मिळतो. पॅकेजचा प्रकार बदलणाऱ्या 'एलियन'ने त्याचं डेब केलं. ते बसलं, पण छापायला गेलं की 'फिल्टर फेल्ड' येतं. फिल्टरची फाइल जागेवर आहे, तरी चालवली की 'अशी फाइल नाही' असं उत्तर मिळतं.

उत्तर : फाइल समोर असूनही 'नाही' असं येतं, याचा अर्थ ती चालवणारा लोडर मशीनवर नाही. त्या फाइलीवर 'फाइल' ही कमांड चालवा. उत्तरात '३२-बिट' दिसेल, कारण जुने प्रिंटर ड्रायव्हर बहुधा ३२-बिटचेच असतात. तसं असेल तर 'डीपीकेजी'ला 'ॲड-आर्किटेक्चर आय३८६' हा पर्याय द्या, 'ॲप्ट अपडेट' करा आणि 'लिबसी६:आय३८६' बसवा. मग 'एलडीडी' चालवून अजून काय 'नॉट फाउंड' आहे ते पाहा आणि एकेक लायब्ररी त्याच पद्धतीने घाला. हे सगळं हाताने करावं लागतं, कारण एलियन फाइली उचलून दुसऱ्या साच्यात घालतो, डिपेंडन्सी मागेच राहतात.

फाइल ६४-बिटची निघाली तर लायब्ररींची जागा तपासा. आरपीएमवाल्या डिस्ट्रोंत त्या '/यूएसआर/लिब६४' मध्ये असतात. डेबियन-उबुंटू तिथे शोधत नाहीत. '/ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी' मध्ये तो पत्ता लिहिलेली एक फाइल ठेवून 'एलडीकॉन्फिग' चालवा.

पण गिऱ्हाइकाला नवा प्रिंटर बसवून देताना मुळात ड्रायव्हर लागतोच का ते पाहा. 'ड्रायव्हरलेस' ही कमांड चालवा. तिच्या यादीत प्रिंटर दिसला तर तो ड्रायव्हरशिवाय जोडता येतो. यूएसबीने जोडलेल्या प्रिंटरसाठी आधी 'आयपीपी-यूएसबी' हे पॅकेज घाला. एलियन मूळ व्यवस्थेतल्या पॅकेजांवर, विशेषतः लायब्ररी आणि कर्नलशी जोडलेल्या गोष्टींवर, अजिबात वापरू नये.

प्रश्न : ॲपइमेज म्हणजे 'कुठेही चालणारी एकच फाइल' असं ऐकलं होतं. उबुंटू २४.०४ वर डबल क्लिक करून काहीच होत नाही. — अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, माटुंगा

उत्तर : बहुतेक ॲपइमेज स्वतःला उघडण्यासाठी 'लिबफ्यूज२' मागतात. उबुंटूत २२.०४ पासून ती आधीपासून बसवलेली नसते. २२.०४ वर पॅकेजचं नाव 'लिबफ्यूज२' आहे, २४.०४ वर 'लिबफ्यूज२टी६४'. नुसतं 'फ्यूज' नावाचं पॅकेज बसवू नका. ते 'फ्यूज३'ला काढून टाकतं आणि त्याबरोबर डेस्कटॉपचे भागही जाऊ शकतात. काहीच बसवायचं नसेल तर फाइलला 'ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट-अँड-रन' हा पर्याय देऊन चालवा. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये चालवण्याची परवानगी दिलेली हवी, हे आहेच.

यानंतर 'सँडबॉक्स'बद्दल तक्रार आली तर ते सॉफ्टवेअर बहुधा इलेक्ट्रॉनवर (वेब-तंत्राने डेस्कटॉप प्रोग्रॅम बनवण्याच्या साधनावर) बनलेलं आहे. असे प्रोग्रॅम सँडबॉक्ससाठी नेमस्पेस, म्हणजे कर्नलने दिलेला वेगळा कप्पा, वापरतात, आणि २४.०४ मध्ये साध्या वापरकर्त्याच्या नेमस्पेसवर ॲपआर्मर या सुरक्षा-व्यवस्थेने बंधन घातलं आहे. 'नो-सँडबॉक्स' लावा असा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने इंटरनेटवरून आलेल्या मजकुराविरुद्धचं संरक्षणच निघून जातं. त्याऐवजी '/ईटीसी/ॲपआर्मर.डी' मध्ये त्या फाइलच्या पत्त्याचं छोटं प्रोफाइल करून त्यात 'युझर-एनएस'ची परवानगी द्या आणि ते 'ॲपआर्मर-पार्सर'ने लागू करा.

प्रश्न : मुलुंडच्या आमच्या शाळेत २५ संगणक आहेत. काहींवर सी-डॅकचं बॉस, काहींवर उबुंटू, काहींवर मिंट. सगळ्यांवर जीकॉम्प्री (मुलांचे शैक्षणिक खेळ) आणि लिब्रेऑफिसची एकच आवृत्ती हवी आहे. इंटरनेट मंद आहे, सगळ्या मशीनवर वेगवेगळं डाउनलोड करणं शक्य नाही.

उत्तर : मुलांना तिन्हीकडे तेच सॉफ्टवेअर दिसावं हा तुमचा आग्रह योग्य आहे, आणि फ्लॅटपॅक नेमकं त्यासाठी आहे. त्यात प्रोग्रॅम आपला रनटाइम, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररींचा ठरलेला संच, सोबत आणतो. त्यामुळे खाली बॉस आहे की मिंट याने फरक पडत नाही. एकच रनटाइम वापरणाऱ्या प्रोग्रॅमांना तो एकदाच उतरवावा लागतो.

एका मशीनवर फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या ऑनलाइन भांडारावरून दोन्ही प्रोग्रॅम बसवा. मग 'फ्लॅटपॅक रिमोट-मॉडिफाय' वापरून फ्लॅटहबचा कलेक्शन आयडी 'ओआरजी.फ्लॅटहब.स्टेबल' असा नोंदवा. ही नोंद प्रत्येक मशीनवर लागते, आणि सहसा तीच राहून जाते. त्यानंतर 'फ्लॅटपॅक कॉन्फिग'मध्ये भाषांच्या जागी तारांकन ठेवून एकदा 'फ्लॅटपॅक अपडेट' करा. हे केलं नाही तर भाषांच्या फाइली अर्धवट उतरलेल्या असतात आणि पुढची पायरी तिथेच थांबते. आता १६ जीबीचा पेनड्राइव्ह लावून 'फ्लॅटपॅक क्रिएट-यूएसबी'ला पेनड्राइव्हचा पत्ता आणि प्रोग्रॅमांचे आयडी द्या. रनटाइम आपोआप सोबत जातो. प्रत्येक मशीनवर 'फ्लॅटपॅक इन्स्टॉल'ला 'साइडलोड-रेपो' हा पर्याय देऊन पेनड्राइव्हवरच्या 'डॉट ओएसट्री' फोल्डरमधला 'रेपो' दाखवा. 'युझर' हा पर्याय कुठेही वापरू नका, नाहीतर प्रत्येक विद्यार्थ्याच्या लॉगिनसाठी वेगळी प्रत बसेल आणि डिस्क भरेल.

एखादं जुनं मशीन ३२-बिटचं असेल तर ही प्रत तिथे चालणार नाही. तिथे डिस्ट्रोचंच पॅकेज घ्या.

बाकीच्या रोजच्या अपडेटसाठी शिक्षकांच्या मशीनवर 'ॲप्ट-कॅशर-एनजी' बसवा आणि इतर मशीनच्या ॲप्टला त्याचा पत्ता प्रॉक्सी म्हणून द्या, पोर्ट ३१४२. एका मशीनने उतरवलेलं डेब मग त्याच डिस्ट्रोच्या इतर मशीनना शाळेतल्या शाळेत मिळतं. एचटीटीपीएसने जोडलेल्या रेपोंमधली (पॅकेजच्या भांडारांमधली) पॅकेजं मात्र तो साठवून ठेवत नाही.

प्रश्न : गिरगावात आमचा छोटा छापखाना आहे. इंकस्केप फ्लॅटपॅकने घेतलं. आमचे देवनागरी फॉन्ट त्यात दिसत नाहीत, आणि गिऱ्हाइकाने आणलेला पेनड्राइव्हही.

उत्तर : दोन्हींचं कारण एकच. फ्लॅटपॅकमधल्या प्रोग्रॅमला तुमच्या डिस्कचा ठरावीक भागच दिसतो. '/यूएसआर/शेअर/फॉन्ट्स', '/यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स' आणि होममधल्या 'डॉट लोकल/शेअर/फॉन्ट्स' इथले फॉन्ट त्याला मिळतात. '/ऑप्ट' मध्ये किंवा दुसऱ्या डिस्कवर ठेवलेले मिळत नाहीत, आणि तिथला शॉर्टकट या फोल्डरमध्ये ठेवूनही काम होत नाही. फाइलीच इथे हलवा, 'एफसी-कॅश' चालवा आणि इंकस्केप बंद करून पुन्हा उघडा. खात्रीसाठी 'फ्लॅटपॅक रन'ला 'कमांड' या पर्यायात 'एफसी-लिस्ट' द्या, त्यापुढे इंकस्केपचा आयडी आणि शेवटी ':लँग=एमआर' लिहा. मराठीची सगळी अक्षरं असलेल्या, प्रोग्रॅमला आतून दिसणाऱ्या फॉन्टांची यादी येईल. एखादा फॉन्ट बाहेरच्या यादीत आहे पण या यादीत नाही, तर जागा चुकली आहे. बाहेरच्याही यादीत नसेल तर तो जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीचा असण्याची शक्यता मोठी. त्याला फ्लॅटपॅक जबाबदार नाही.

पेनड्राइव्हसाठी 'फ्लॅटपॅक ओव्हरराइड'ला 'युझर' आणि 'फाइलसिस्टम' हे पर्याय देऊन, फेडोरात '/रन/मीडिया' आणि डेबियन-उबुंटूत '/मीडिया' हा पत्ता इंकस्केपच्या आयडीसह द्या. सगळी डिस्क उघडणारा 'होस्ट' हा पर्याय देऊ नका. रोज अनोळखी फाइली उघडणाऱ्या छापखान्यात हे बंधन कामाचं आहे. इंकस्केप स्नॅप या उबुंटूच्या पॅकेज-प्रकारातून घेतलं असेल तर 'स्नॅप कनेक्ट'ने 'रिमूव्हेबल-मीडिया' जोडलं की पुरतं.